साठीनंतरचे दोनशें किलोमीटर

नोकरींतून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या वांट्याला आमच्या वऱ्हाडांतील बहुतेक घरांत एक खुर्ची येते. ती ओसरीवर किंवा अलीकडच्या घरांत गॅलरींत असते. तिच्याजवळ वर्तमानपत्र, चष्मा आणि औषधांचा डबा ठेवलेला असतो, आणि सुना-नातवंडें मोठ्या मायेनें चहा-फराळ तेथेंच आणून देतात. या मायेविषयीं तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि त्या खुर्चींत बसलेल्या मनुष्याचें शरीर रोज काय गमावीत असतें, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तो हिशेब मांडावा, आणि गमावलेल्यापैकीं कितीसें परत मिळवितां येतें हें लांब पल्ल्याच्या सायकल-प्रवासाच्या आधारें वाचकांपुढें ठेवावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वैद्यकशास्त्राचा अनुभव असा कीं, बैठें जीवन कंठणाऱ्या मनुष्याची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति तिशीनंतर दर दहा वर्षांस सुमारें दहा टक्क्यांनीं घटते. स्नायूहि कृश होतात. आणि जेवणानंतर रक्तांत येणारी साखर मुख्यतः स्नायूच शोषून घेत असल्यामुळें, ते घटले कीं साखर रक्तांत रेंगाळूं लागते. आमच्या बाबतींत हेंच झालें. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षीं मधुमेहाचें निदान झालें. शाळेचा जिना दिवसांतून दहा वेळां चढणारे आम्ही घरच्या माडीवर जातांना मध्यें थांबून दम घेऊं लागलों. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या, भात कमी करविला आणि व्यायाम सांगितला. चालावें तर गुडघे दुखत. सायकलीवर देहाचा बराचसा भार सीटवर पडतो आणि गुडघ्यांना फिरण्याचेंच काम उरतें. म्हणून हृदयाची तपासणी करून घेऊन डॉक्टरांच्या संमतीनें आम्हीं सायकल घेतली.

घरांत यावर जी चर्चा झाली ती वाचकांना आपल्या घरावरून ताडतां येईल. “अहो, या वयांत हायवेवर ट्रकांमधून जाणार? कांहीं कमी-जास्त झालें तर आम्हीं कोणाकडे पाहायचें?” हा आमच्या कुटुंबाचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चिरंजिवांनीं घरांतल्या घरांत फिरवावयाची स्थिर सायकल आणून देण्याची तयारी दाखविली. तिच्यानें साखर उतरते यांत संशय नाहीं. परंतु भिंतीकडे तोंड करून पाय हलविणें आमच्याच्यानें पंधरा दिवसांपलीकडे झालें नसतें. व्यायाम टिकावयाचा तर त्याला कोठें तरी पोंचावयाचें असावें लागतें.

अशा वेळीं आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें ‘ब्रेव्हे’ या प्रकाराची माहिती दिली. त्याचें मूळ युरोपांत आहे. १८९७ सालीं इटलींतील कांहीं सायकलस्वारांनीं रोम ते नेपल्स हें सुमारें २३० किलोमीटरांचें अंतर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या अवधींत तोडलें. त्यांना लोक ‘ऑडॅक्स’ म्हणूं लागले. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ ‘धाडसी’ असा आहे. पुढें १९०४ सालीं आंरी देग्रांज या फ्रेंच गृहस्थानें अशा प्रवासांचे नियम बांधले व त्याच सालीं पॅरिस येथें ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ही संस्था निघाली. आजहि जगभरच्या ब्रेव्हेंवर शिक्कामोर्तब तीच संस्था करते, आणि भारतांत ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स ही संस्था हें काम पाहते. या प्रकारांत सर्वांत मानाची गणली जाणारी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारें १,२०० किलोमीटरांची स्वारी तर त्याहूनहि जुनी, १८९१ सालची आहे. आरंभीं ती दर दहा वर्षांनीं होत असे. आतां दर चार वर्षांनीं होते, आणि २०१९ व २०२३ या सालीं तींत अनेक भारतीय स्वार उतरले होते.

नियम थोडे आहेत आणि स्पष्ट आहेत. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स २० तास, ४०० स २७ तास, ६०० स ४० तास. हीं चारहि अंतरें एकाच हंगामांत पुरीं करणाऱ्यास ‘सुपर रॅन्डोनर’ म्हणतात. वाटेंत ठराविक ठिकाणीं थांबून आपल्या कार्डावर वेळेची नोंद करून घ्यावी लागते. वाटेंत पंक्चर झालें तर तें स्वतः काढावयाचें. घरच्यांची मोटर मागें चालवून मदत घेतां येत नाहीं, ती केवळ नोंदीच्या ठाण्यावरच भेटूं शकते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, येथें पहिला-दुसरा असा क्रमच नाहीं. आठ तासांत आलेला तरुण आणि तेरा तासांत आलेला म्हातारा यांच्या नांवांपुढें सारखीच नोंद पडते: पूर्ण केलें. फार लवकर आल्यासहि नोंद मिळत नाहीं, कारण वेगालाहि वरची मर्यादा घातलेली आहे.

आम्हांला हा नियम वाचून प्रथम जें सुचलें तें मास्तरी पेशाला धरून गणितच होतें. २०० किलोमीटर आणि १३ तास ३० मिनिटें, म्हणजे ताशीं पंधरा किलोमीटरांहून किंचित् कमी. समजा, एक मनुष्य चालत्या सायकलीवर ताशीं १८ किलोमीटर राखतो. त्याला चालविण्यास ११ तास ७ मिनिटें लागतील. जेवण, पाणी, नोंद, पंक्चर या सर्वांस मिळून २ तास २३ मिनिटें उरतील. दुसरा ताशीं २० नें जातो. त्याचा प्रवासाचा वेळ १० तास, म्हणजे त्यानें ६७ मिनिटें वांचविलीं. परंतु त्याची किंमत काय? हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें १८ वरून २० वर जातांना ती एक-तृतीयांशाहून अधिक वाढते. साठीच्या मनुष्यानें हा खर्च दहा तास करीत राहणें म्हणजे पेन्शनींतून जहागिरी चालविण्यासारखें आहे. उलट, तींच ६७ मिनिटें चहाच्या टपरीवर दहा-दहा मिनिटें कमी बसून कोणालाहि वांचवितां येतात. म्हणजे येथें वेगवान् असण्यापेक्षां फारसें न थांबणें अधिक मोलाचें आहे. ही गोष्ट ध्यानांत आल्यावर दोनशें किलोमीटर हा आंकडा आम्हांस प्रथमच मनुष्याच्या आवांक्यांतील वाटूं लागला.

या गणिताला आपल्या जुन्या वैद्यकाचाहि आधार आहे. वाग्भटानें व्यायामाचें प्रमाण सांगतांना अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली आहे, आणि हें अर्धें बळ ओळखावयाचें कसें याचें लक्षण सुश्रुतानें दिलें आहे: श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं अर्धी शक्ति खर्ची पडली असें समजावें. आजचे व्यायामशिक्षक म्हणतात कीं, चालतां-बोलतां पुरें वाक्य उच्चारतां आलें पाहिजे. दोन्हीं खुणांचा अर्थ एकच. रॉबेर मार्शां या फ्रेंच सायकलस्वाराचें उदाहरण याच प्रकारचें आहे. १९११ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें सायकल पुन्हां हातीं धरली तीच सदुसष्टीच्या सुमारास. १९९२ सालीं तो पॅरिसहून मॉस्कोस सायकलीनें गेला. शंभरी ओलांडल्यावर, २०१२ सालीं त्यानें एका तासांत २४ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडलें, आणि २०१४ सालीं, १०२ वर्षांचा असतांना, सुमारें २७ किलोमीटर. दरम्यान शास्त्रज्ञांनीं त्याला वर्षाकांठीं सुमारें ५,००० किलोमीटरांचा अभ्यास आंखून दिला होता. त्यांतील चार-पंचमांश अंतर हलक्या श्रमाचें होतें व केवळ एक-पंचमांश नेटाचें. १०१ ते १०३ या वयांत त्याची प्राणवायु वापरण्याची शक्ति १३ टक्क्यांनीं वाढली, असें त्यांना आढळून आलें. तो २०२१ सालीं, १०९ व्या वर्षीं वारला. सर्वांना शंभरी लाभत नाहीं हें उघड आहे. परंतु शरीर या वयांत वाढीची भाषा विसरलेलें असतें, हें मत यापुढें कोणास धरून बसतां येणार नाहीं.

आमचा अभ्यास अमरावतीहूनच सुरू झाला. पहिल्या महिन्यांत बडनेऱ्यापर्यंत जाणें आणि परत येणें, म्हणजे सुमारें वीस किलोमीटर. तेंहि एक दिवसाआड. आठवड्याचें एकूण अंतर मागील आठवड्यापेक्षां एक-दशांशाहून अधिक वाढवावयाचें नाहीं, हा नियम आम्हीं वहींत पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता. आणि चवथा आठवडा विश्रांतीचा, म्हणजे अंतर निम्मे. उत्साहाच्या भरांत हा नियम मोडण्याची इच्छा फार वेळां होते, कारण दम लवकर वाढतो आणि कंडरा व सांधे मागून सावकाश येतात. छाती म्हणते चल आणि गुडघा म्हणतो थांब. अशा वेळीं गुडघ्याचें ऐकावें. सीट फार खालीं असली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखूं लागतें. पायडल सर्वांत खालीं असतांना गुडघा किंचित् वांकलेला राहील इतकी ती उंच असावी. जड गिअरवर जोर देण्यापेक्षां हलक्या गिअरवर पाय भराभर फिरविणें हिताचें.

पुढें आम्ही बडनेऱ्याहून मूर्तिजापूरपर्यंत जाऊं लागलों आणि सात महिन्यांनीं अकोल्यास पोंचलों. हा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग वाचकांस निराळ्या कारणानें आठवत असेल: जून २०२२ मध्यें याच अमरावती–अकोला मार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीज विक्रम करण्यांत आला. मोटरींतून हा रस्ता कंटाळवाणा वाटतो. सायकलीवरून तोच रस्ता पानापानानें उलगडतो. पहांटेच्या थंडींत दोन्हीं बाजूंस तुरीचीं व कपाशीचीं शेतें दिसतात, वेचणीस निघालेल्या बायका “कुठं चालले बाबाजी?” म्हणून पुसतात; मूर्तिजापुरास एकेकाळीं अचलपूर व यवतमाळकडे धांवणाऱ्या शकुंतला गाडीचे अरुंद रूळ आठवतात; मग कुरणखेडजवळ काटेपूर्णा आणि पुढें बोरगांव मंजू. पहिल्या खेपेस अकोल्यास कन्येकडे उतरून दुसऱ्या दिवशीं आम्ही आगगाडीनें परत आलों. जांवईबापूंनीं सायकल उचलून माडीवर नेली, आणि विहीणबाईंनीं आम्हांस वेड लागलें आहे काय याची आडून चौकशी केली. अमरावतीहून अकोला आणि परत, म्हणजे जवळजवळ दोनशें किलोमीटर. ब्रेव्हेचें अंतर मनांत आणावयास आम्हां वऱ्हाडकरांना नकाशाची गरज नाहीं.

मधुमेही वाचकांसाठीं एक गोष्ट स्वतंत्रपणें सांगणें भाग आहे. व्यायाम चालू असतांना स्नायु इन्सुलिनच्या आधाराशिवायहि साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम पुढें एक-दोन दिवस टिकतो. यांतच लाभ आहे व यांतच धोका आहे. जे इन्सुलिन घेतात किंवा स्वादुपिंडास चेतविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतात, त्यांची साखर लांबच्या प्रवासांत एकाएकीं उतरूं शकते. हात थरथरणें, घाम सुटणें, बुद्धि गोंधळणें हीं तिचीं लक्षणें. म्हणून औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधीं ठरवून घ्यावी आणि खिशांत साखरेच्या पुड्या असाव्यात. निरोगी मनुष्याच्याहि स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर चारपांचशें ग्रॅमच असते. ती कांहीं तासांत संपते. तेव्हां भूक लागण्यापूर्वींच खात राहावें: दर तासाला एखादें केळें, गुळाचा खडा व शेंगदाणे, किंवा एखादें संत्रें. पाण्यांत मीठ व लिंबू असावें. घामावाटे मीठ जात असतां नुसतें पाणी भरमसाट पिणेंहि घातक आहे. एकादशीस लांब प्रवास ठेवूं नये. उपवास आणि सायकल हीं दोन्हीं व्रतें एकाच दिवशीं निभत नाहींत, हें आमच्या कुटुंबानें आम्हांला सांगितलें, आणि त्या दिवशीं सायकलीची किल्ली आपल्या कनवटीला लावली.

चौदा महिन्यांनीं, मार्गशीर्षांत, विदर्भांतील एका २०० किलोमीटरांच्या ब्रेव्हेस आम्हीं नांव दिलें. पहांटे सहाला निघालेल्या तीसएक स्वारांपैकीं बहुतेक पहिल्या तासांतच पुढें दिसेनासे झाले. आम्ही आमच्या सतरा-अठराच्या चालीनें राहिलों. पहिल्या ठाण्यावर शिक्का मारणारा तरुण वर पाहून चपापला. “सर, तुम्ही?” असें म्हणून तो उभाच राहिला. रघुवंशाच्या तासाला तो बांकावर कधीं स्वस्थ बसलेला आम्हीं पाहिला नव्हता. “आधीं शिक्का,” असें आम्हीं सांगितलें. १२० किलोमीटरांवर बाभळीचा कांटा मागच्या टायरांत शिरला. ट्यूब बदलण्यास बावीस मिनिटें लागलीं. याच कामाचा घरीं अंगणांत अनेकदां सराव केला होता. दुपारनंतर समोरून वारा सुटला आणि चाल चौदावर आली. १६० किलोमीटरांनंतर हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या, आणि आपण हें कशासाठीं करीत आहों या प्रश्नाला उत्तर सांपडेना. तेव्हां आम्हीं उत्तर शोधणें सोडून पुढच्या मैलाच्या दगडापर्यंतचीच मोजदाद चालविली. दिवे लागल्यावर, १२ तास ५२ मिनिटांनीं, आम्ही शेवटच्या ठाण्यावर पोंचलों. आमच्या मागें दोघेच होते. तेहि वेळेंत आले, आणि आम्हीं सर्वांनीं मिळून त्यांची वाट पाहिली. असा रिवाज आहे, व तो फार चांगला आहे.

त्या वर्षभरांत आमच्या विश्रांतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला ८४ वरून ६६ वर आले, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ८.६ वरून ६.७ वर उतरली, आणि डॉक्टरांनीं एक गोळी बंद केली. मधुमेह गेला असें आम्ही म्हणत नाहीं. तो घरांत आहे, पण आतां तो यजमान नसून पाहुणा आहे.

आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाहीं. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतींत काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें देशी खेळांची प्रात्यक्षिकें दाखविलीं होतीं. मुंबईच्या अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या पारशी तरुणांनीं १९२३ ते १९२८ या काळांत सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणा केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं जोडीनें पुरी केली, आणि २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें, बारा दिवसांच्या आंत पुरी केली. पुण्याकडील वेदांगी कुलकर्णी या विशींतील मुलीनें २०१८ सालीं १५९ दिवसांत सुमारें २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाला वळसा घातला. हे विक्रम आमच्यासारख्यांनीं करावयाचे नाहींत. परंतु सुनेनें सकाळीं तासभर सायकल घेऊन बाहेर पडावें कीं नाहीं याचा खल आजहि ज्या घरांत चालतो, त्या घरांत हें शेवटचें नांव एकदां मोठ्यानें वाचलें जावें, अशी आमची इच्छा आहे. आमच्या घरीं तें वाचलें गेलें, आणि धाकट्या सूनबाई आतां रविवारीं बडनेऱ्यापर्यंत आमच्या सोबत असतात. परत येतांना बहुधा आमच्या पुढें असतात.

घरच्यांच्या भीतीला मात्र युक्तिवादानें नव्हे, व्यवस्थेनेंच उत्तर दिलें पाहिजे. डोक्याला हेल्मेट, अंगांत चमकणाऱ्या पट्ट्यांचें जाकीट, पुढें पांढरा व मागें लाल दिवा, आणि कोठें आहों हें दर दोन तासांनीं घरीं फोन करून कळविणें, एवढें आम्हीं कुटुंबापाशीं लेखी कबूल केलें आहे, व तो कागद देवघराच्या फळीवर आहे. वऱ्हाडांत चैत्र-वैशाखाचें ऊन ४५ अंशांवर जातें. त्या दिवसांत सूर्य वर येण्यापूर्वीं घरीं परतावें आणि लांबचे बेत कार्तिक ते माघ एवढ्यांतच ठेवावे. छातींत दुखलें, डोळ्यांपुढें अंधारी आली किंवा वाक्य पुरें बोलतां येईनासें झालें, तर सायकलीवरून उतरावें. ब्रेव्हे पुढच्या महिन्यांतहि असते.

कार्तिक लागला कीं सकाळीं रस्ते कोरडे व हवा थंड असते. ज्यांच्या घरीं माळ्यावर जुनी सायकल पडून आहे त्यांनीं ती उतरवून टायर व ब्रेक तपासून घ्यावे, डॉक्टरांना एकदां भेटावें, आणि एक कोरी वही घ्यावी. पहिल्या दिवशींचें अंतर पांच किलोमीटर असलें तरी चालेल. तें तारखेनिशीं लिहावें. आमच्या वहींतील पहिली नोंद चार किलोमीटरांची आहे.